इंदूच्या रक्ताची वेळ

सकाळचं रक्त पुन्हा लवकर गोठलं. मी काचेची नळी उजेडाकडे धरून तिरकी केली. आतला पिवळसर द्रव वाहायला हवा होता, तो दह्यासारखा जागच्या जागी बसला होता. आदल्या आठवड्यात त्याच बाईचं रक्त गोठायला बराच जास्त वेळ घेत होतं. मी आकडा लिहून रिपोर्ट डॉक्टर सरदेसाईंच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “पाटील, सोमवारी मी डोस वाढवला.”

“होय सर.”

“गुरुवारी पुन्हा वाढवला.”

“होय सर.”

“आणि रक्त घट्ट होत चाललंय. म्हणजे एक तर औषध खोटं, नाहीतर तुमची टेस्ट खोटी. कोणतं खोटं ते शोधून काढा. त्या बाईच्या पायात अजून गुठळी आहे, ती आपल्यासाठी थांबणार नाही.”

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका खाजगी इस्पितळाची लॅबोरेटरी मी सांभाळत होतो. सांभाळत होतो म्हणजे तिथं मी एकटाच होतो. आमच्या घरात माझ्या आधी चौथीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. शिरोळच्या शाळेतल्या गुरुजींनी वडिलांच्या मागं लागून मला कोल्हापूरच्या बोर्डिंगात धाडायला लावलं. बोर्डिंगानं जेवू घातलं, कॉलेजनं फी माफ केली, म्हणून मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो. नंतर डॉक्टर सरदेसाईंनी स्वतःच्या खर्चानं मला मुंबईला लॅबचं काम शिकायला पाठवलं. या सगळ्यांचे उपकार माझ्यावर आहेत. त्यामुळे टेस्ट खोटी असेल, हे वाक्य मला लागलं. पण डॉक्टरांचं बरोबर होतं. शोधायलाच हवं होतं.

पेशंटचं नाव इंदू. कसबा बावड्याची, वीस-बावीस वर्षांची, पहिलटकरीण. मुलगा झाला, बारसं झालं, आणि त्यानंतर तिचं डोकं फिरलं. बाळंतपणानंतर काही बायकांना असा मानसिक आजार होतो. झोप उडते, नाही ते दिसतं, ऐकू येतं, स्वतःचं मूल ओळखू येत नाही. इंदू मुलाकडे बघून म्हणायची, हे माझं नव्हं, बदलून आणलंय. दोनदा ती विहिरीकडे पळाली. मग घरच्यांनी तिला जुन्या लुगड्यानं बाजेला बांधून ठेवलं. त्यात दुष्टावा नव्हता, विहिरीची भीती होती.

पण माणूस बरेच दिवस हलला नाही की पायाच्या शिरेत रक्त साचून गोठतं. बाळंतिणीचं रक्त आधीच लवकर गोठणारं असतं. इंदूचा उजवा पाय सुजला. नंतर एका दुपारी ती ओरडायला लागली, “माझ्या छातीवर बसलंय, उठवा त्याला.” घरच्यांनी देवऋषाला बोलावलं. छातीवर कोण बसलंय याची चौकशी झाली, लिंबू उतरवून टाकलं. इंदूचा नवरा दत्ताजी साखर कारखान्यात कारकून होता. त्याला तिच्या थुंकीत रक्त दिसलं आणि तो कुणालाही न विचारता तिला टांग्यात घालून घेऊन आला.

डॉक्टरांनी तिची पोटरी हलकेच दाबली. एरवी कुणाकडेही न बघणारी इंदू कळवळली. त्यांनी छातीचा फोटो काढला, नाडी बघितली आणि दत्ताजीला सांगितलं, “ती खरं बोलत होती. छातीवर बसलंय ते भूत नाही. पायातल्या गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकलाय.”

वेड लागलेल्या माणसाचं शरीरही दुखतं, हे आम्हा सगळ्यांनाच त्या दिवशी नीट कळलं.

अशा गुठळ्यांवर तेव्हा दोन औषधं होती. एक सुईतून देण्याचं, ते मुंबईहून येई, आणि आमच्याजवळ होतं तेवढं पहिल्या काही दिवसांत संपलं. दुसरं गोळीचं, डायक्युमेरॉल. ही गोळी रक्त पातळ करते असं आपण म्हणतो. खरं म्हणजे रक्त गोठायला जे लागतं ते ती यकृताला बनवू देत नाही. गोळी कमी पडली तर नवी गुठळी होते. जास्त झाली तर हिरड्यांतून, लघवीतून, कधी डोक्यातही रक्तस्राव होतो. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून रक्त गोठायला किती वेळ घेतं, ते वरचेवर मोजावं लागतं. निरोगी माणसाच्या साधारण दुप्पट वेळ आला की डॉक्टर समाधानी.

हे मोजायला एक पावडर लागते आणि ती बनते जनावराच्या मेंदूपासून. मुंबईत सशाचा मेंदू वापरत. कोल्हापुरात रोज ससा कोण देणार? मी बोकडाच्या मेंदूवर प्रयोग करून बघितले, ते जमले. मेंदूवरची पातळ पापुद्र्यासारखी त्वचा सोलायची, खलात ॲसिटोन घालून घोटायचा, पुन्हा पुन्हा धुवायचा, वाळवून भुकटी करायची. पेशंटच्या रक्तातला वरचा पाण्यासारखा भाग घेऊन अंगाइतक्या कोमट पाण्यात नळी धरायची, त्यात ही भुकटी आणि कॅल्शियम घालायचं आणि स्टॉपवॉच दाबायचं.

यात एकच अडचण होती. आम्ही जैन. आमच्या घरात अंड्याचं कवचसुद्धा कधी आलं नव्हतं. आणि मी दर काही दिवसांनी मेहबूबभाईंच्या मटणाच्या दुकानासमोर डबा घेऊन उभा.

“पाटील साहेब, भेजा?” ते चारचौघांत मोठ्यानं विचारायचे. “परवाच नेलासा की. एवढा भेजा खाऊन करता काय? बी.एस्सी. तर झालासा.”

“मेहबूबभाई, हळू बोला. दवाखान्यासाठी आहे.”

“सगळे असंच म्हणत्यात.”

ही बातमी शिरोळला पोचायला वेळ लागला नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, भुईमुगाच्या शेंगा घेऊन म्हणून आले ते थेट लॅबमध्ये. खलाकडे बघत उभे राहिले.

“ह्यासाठी शिकवलं तुला?”

मी त्यांना सगळं सांगितलं. बाई, मूल, गुठळी, गोळी. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “ती पोरगी जगंल काय ह्यानं?”

“जगंल, आप्पा.”

“मग कर. पर तुझ्या आईला सांगू नगंस.” शेंगा टेबलावर ठेवून ते निघून गेले. या विषयावर आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही.

तर आता हीच टेस्ट संशयात होती. मी एकेक गोष्ट तपासायला घेतली. पहिला संशय भुकटीवर. ती दरवेळची सारखी नसते, एखादी जास्तच तेज निघते आणि रक्त लवकर गोठवते. मी स्वतःचं रक्त काढलं आणि त्याच भुकटीनं तपासलं. निरोगी माणसाचं यायला हवं तेवढंच आलं. म्हणजे भुकटी ठीक. पाण्याचं तापमान दुसऱ्या थर्मामीटरनं बघितलं, ठीक. स्टॉपवॉच शाळेच्या ड्रिल मास्तरांकडून मागून आणलेलं होतं, ते घड्याळाशी लावून बघितलं. तेही ठीक.

दुपारी मी डॉक्टरांना सांगितलं, “टेस्ट खरी आहे, सर.”

“मग गोळ्या खोट्या.” त्यांनी नवी बाटली उघडायला लावली. सिस्टरना सांगितलं, गोळी समोर गिळायला लावा, तोंड उघडून बघा. सिस्टर म्हणाल्या, तसंच करतोय, सुरुवातीपासून. नव्या बाटलीनंही फरक पडला नाही.

याच दिवसांत दत्ताजी डॉक्टरांना भेटायला आला. मी रिपोर्ट घेऊन तिथंच उभा होतो. तो टोपी हातात धरून खाली बघत बोलला.

“साहेब, भाऊबंद म्हणत्यात, हिला येड्यांच्या दवाखान्यात टाका आन् मोकळं व्हा. लेकराला दुसरी आई बघू.”

“तुम्ही काय म्हणता?”

“मी काय म्हणणार? ती मला वळकत न्हाय.”

“दत्ताजी, पायात सैल गुठळी घेऊन तिला गाडीत घातलंत तर ती त्या दवाखान्यापर्यंत पोचणार नाही. मिरजेचे मनोविकाराचे डॉक्टर दर आठवड्याला इथं येतात. तिच्या आजारावर विजेच्या झटक्यांचा उपचार आहे आणि बाळंतपणानंतरचा हा आजार त्यानं चांगला बरा होतो. पण झटक्यात सगळं अंग ताठ होतं. रक्त ताब्यात नसताना ते हात लावायला तयार नाहीत. मला वेळ द्या.”

“किती?”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी हातातला रिपोर्ट त्यांच्यापुढं ठेवला.

“या महिन्याअखेरपर्यंत थांबतो,” दत्ताजी म्हणाला. “फुडं घरातल्यांना मला थोपवता येणार न्हाय.”

म्हणजे सगळं माझ्या नळीवर येऊन थांबलं. रक्ताची वेळ वाढली तर झटके, झटके दिले तर इंदू माणसात येण्याची आशा. वेळ वाढली नाही तर दुसरी गुठळी, नाहीतर वेड्यांचं इस्पितळ.

दुसऱ्या दिवशी माझी भुकटी संपली आणि मेहबूबभाईंकडं बोकड उशिरा कापला गेला. एरवी मी सकाळी लवकर रक्त काढायचो. त्या दिवशी नवी भुकटी तयार होईपर्यंत दुपार झाली. मी सुई आणि नळी घेऊन बायकांच्या वॉर्डात गेलो, तर दारातच मला शेपूचा वास आला. ज्याला शेपू आवडत नाही, त्याला तो वास भिंतीपलीकडूनही येतो. मी त्यातला.

इंदूच्या खाटेवर तिची सासू बायजाबाई बसली होती. रोज बावड्याहून डबा घेऊन चालत यायची. धिप्पाड बाई, आवाज खणखणीत. तिनं भाकरी शेपूच्या भाजीत कुस्करली होती आणि एकेक घास इंदूच्या तोंडात भरवत होती.

“या की, रगतवालं पावणं. आज उशीर केलासा?”

“मावशी, ही भाजी रोज आणता?”

“रोज म्हंजे? बाळंतीण हाय न्हवं ती? दुपारच्याला शेपू, रातच्याला मेथी. माझ्याच वाफ्यातली, इकतची न्हाय.” तिनं इंदूची हनुवटी पुसली. “आल्या आल्या तर तोंडच उघडत नव्हती बया. आता खातीया. काल तर वाटी संपवून माझ्या हाताकडं बघत बसली. मी आणखी वाटीभर घातली.”

“मूल तर वरच्या दुधावर आहे ना?”

“हाय की. म्हणून तर. हिचं दूध आटलंय. शेपू-मेथीनं दूध येतं. दूध आलं की लेकराला पदराखाली घेईल, आन् पदराखाली घेतलं की वळकंल. आई हाय ती, वळकणार न्हाय व्हय?”

मी रक्त काढलं. पण माझं लक्ष त्या वाटीकडे होतं.

कॉलेजात आम्हाला जीवनसत्त्वं शिकवली होती. त्यात ‘के’ नावाचं एक असतं. रक्त गोठायला ते लागतं, आणि ते सगळ्यात जास्त कशात असतं, तर हिरव्या पालेभाजीत. आमची गोळी काम करते ती याच जीवनसत्त्वाच्या विरुद्ध. या गोळीचा शोधही गोठ्यातच लागलेला. परदेशात जनावरांनी कुजका चारा खाल्ला आणि त्यांचं रक्त गोठेनासं झालं, त्या चाऱ्यातून हे औषध काढलं. म्हणजे एका पाल्यानं रक्त पातळ होतं आणि दुसऱ्या पाल्यानं घट्ट. आम्ही सकाळी गोळी देत होतो, आणि बायजाबाई दुपारी आणि रात्री ती पुसून टाकत होती.

पहिल्या आठवड्यात गोळी का चालली, तेही आता उमगलं. तेव्हा इंदू खातच नव्हती. ती जेवायला लागली म्हणून आम्ही सगळे खूश झालो, आणि तिथूनच रक्त घट्ट व्हायला लागलं.

मी डॉक्टरांना गाठलं. ते वॉर्डातून निघाले होते. ऐकता ऐकता जिन्यातच थांबले.

“मी रोज विचारतो, जेवली का,” ते म्हणाले. “काय जेवली, ते विचारलंच नाही. भाजी आजपासून बंद.”

“सर, एकदम बंद नको.”

“का?”

“डोस आपण दोनदा वाढवलाय. तो या भाजीसकटचा आहे. भाजी थांबली आणि डोस तोच राहिला, तर रक्त फार पातळ होईल. आणि डोस उतरवला, तरी बायजाबाई दोन दिवस ऐकतील, तिसऱ्या दिवशी लपवून आणतील. मग आपल्याला काहीच कळणार नाही. त्यापेक्षा भाजी राहू दे. पण रोज तेवढीच. मग तुम्ही डोस तिच्यावर बसवा.”

एवढं लांब मी त्यांच्यापुढं कधी बोललो नव्हतो. त्यांनी जिन्याच्या कठड्यावर बोटं वाजवली. मग म्हणाले, “चला, त्यांनाच विचारू.”

बायजाबाईंनी ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले.

“डाक्टर, लेकरं मी सात जन्माला घातली. बाळंतिणीला शेपू द्यायचं का न्हाय, हे तुमी मला शिकवणार?”

“नाही. शेपू द्या. पण रोज एकच वाटी, भरलेली, ना जास्त ना कमी. मेथी नको.”

“मेथीनं काय घोडं मारलंय?”

“शेपूनं मारलंय तेच. पण दोघांना मी सांभाळू शकत नाही. एकालाच सांभाळतो.”

“आन् दूध?”

वॉर्डातल्या इतर बायका ऐकत होत्या. डॉक्टरांनी खाली वाकून तिला हळू सांगितलं, “आजी, दूध आता येईल असं मला वाटत नाही. खोटं कशाला सांगू? पण इंदूला परत आणता येईल. त्यासाठी मला तुमची मदत लागेल.”

तिनं इंदूच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग पदरानं डबा पुसत म्हणाली, “वाटी कुणाची? तुमची का माझी?”

“तुमचीच. पण तीच रोज.”

“आन् कुणी म्हणालं, सासूनं सुनंला उपाशी मारलं, तर?”

“माझं नाव सांगा.”

त्या दिवसापासून बायजाबाई भाजी दाबून, वर हात फिरवून, काठोकाठ वाटी भरून आणायची आणि उघडायच्या आधी सिस्टरना दाखवायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं एकदा आपल्या डब्यातली पोकळ्याची भाजी इंदूला द्यायला हात पुढं केला, तर बायजाबाईनं तो हात धरला. “ठेव ती. हिचं रगत मापात हाय.”

डॉक्टरांनी डोस बसवायला घेतला. मी रोज मोजत होतो. पहिल्या दोन दिवसांत फारसं काही हललं नाही, कारण हे औषध सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. नंतर वेळ वाढायला लागली. एक दिवस जरा जास्तच वाढली, तेव्हा डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. मग ती हवी तिथं आली आणि तिथंच राहिली. आठवडाभर मी तेच ते आकडे लिहीत होतो. एरवी कंटाळा आला असता. पण तेव्हा मला ते पगारापेक्षा गोड वाटत होते.

मिरजेचे डॉक्टर त्यांची लाकडी पेटी घेऊन आले. त्यांनी माझे रिपोर्ट बघितले, पाय बघितला, सूज उतरली होती. “करू या,” म्हणाले. झटक्यांचा उपचार बघायला सोपा नसतो. तेव्हा तो भूल न देता करत. आम्ही चौघं तिला धरून होतो. मला फक्त तिच्या श्वासाची काळजी होती. श्वास नीट चालला.

दोन झटक्यांनंतर इंदू शांत झोपायला लागली. तिसऱ्यानंतर तिनं दत्ताजीला नावानं नव्हे, पण “अहो” म्हणून हाक मारली. तो गडबडून डॉक्टरांकडे बघायला लागला, आता काय करू म्हणून.

“ओ द्या,” डॉक्टर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात बायजाबाई मुलाला घेऊन आली. मी तेव्हा रक्त काढायलाच वॉर्डात होतो. तिनं मुलाला इंदूच्या मांडीवर ठेवलं आणि आपला हात त्याच्याखालून काढला नाही, न जाणो म्हणून. इंदू मुलाकडे बघत राहिली. त्याच्या टाळूवरून बोट फिरवलं, बोट हुंगलं.

“आत्ती, ह्याच्या डोक्याला एवढं तेल कुणी थापलंय?” ती म्हणाली. “उशी खराब करंल की त्यो.”

“मी थापलंय,” बायजाबाई म्हणाली. “पटत नसंल तर उठ आन् तू लाव.”

मग तिनं मुलाखालचा हात काढून घेतला आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. सिस्टर तिच्यामागं गेल्या, तर तिनं त्यांना हातानंच परत पाठवलं.

इंदू इस्पितळातून चालत गेली. गोळी पुढं काही महिने चालू होती. दत्ताजी तिला सायकलवर पुढं बसवून तपासायला आणायचा. वेड्यांच्या इस्पितळाचा विषय पुन्हा निघाला नाही. दूध आलं नाही, मुलगा वरच्या दुधावरच वाढला, आणि चांगला वाढला. डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं होतं, की हा आजार पुढच्या बाळंतपणात परत येऊ शकतो, दोन्ही आजार येऊ शकतात, तेव्हा आधी येऊन सांगा. ते आले होते. तेव्हा तिला पहिल्या दिवसापासून चालवलं आणि घरची तीन माणसं तिच्या झोपेवर लक्ष ठेवून होती. काही झालं नाही.

माझ्या लॅबमध्ये पुढं बरंच काही आलं. तयार भुकटी बाटलीतून यायला लागली, तेव्हा मेहबूबभाईंनी विचारलं, गिऱ्हाईक का तुटलं. आता तर यंत्रच आकडा सांगतं. नवी मुलं कामाला आली की मी त्यांना टेस्ट शिकवायचो, आणि मग सांगायचो, की आकडा पटत नसेल तर आधी आपली नळी तपासा. ती खरी निघाली तर पेशंटच्या घरून डब्यात काय येतं ते विचारा, आणि विचारताना रागावू नका. औषध पोटात जातं त्याच्या आधी तिथं घरचं कुणीतरी प्रेमानं काहीतरी घालून बसलेलं असतं. त्याला हाकलता येत नाही. त्याला धरून डोस बसवावा लागतो.